ओशन जीन ॲटलस: फुकट आहे, पण जनुक नीट निवडा

साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजात बसून समुद्री हिरव्या शैवालावर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करायचा असेल, तर ही वेबसेवा खरंच कामाची आहे. 'तारा' या शिडाच्या जहाजाने 2009 ते 2013 मध्ये जगभरातून गोळा केलेल्या नमुन्यांतली जनुकं इथे शोधता येतात. प्रोटीन सिक्वेन्स टाकायचा, डेटासेट निवडायचा, सर्च करायचं. नकाशावर ठिपके उमटतात. ठिपका मोठा तितकं प्रमाण जास्त.

शैवालासाठी 'माटू' (पेशीत केंद्रक असलेल्या जीवांच्या जनुकांचा) हाच डेटासेट घ्या. ओएम-आरजीसी हा दुसरा डेटासेट मुख्यतः जिवाणूंचा आहे.

खरा घोळ पुढे होतो. सवयीने सगळे आरबीसीएल (प्रकाशसंश्लेषणातल्या रुबिस्को एन्झाइमच्या मोठ्या भागाचं जनुक) टाकतात. माटू बांधलाय पॉली-ए शेपटी (टोकाला 'ए' बेसची लांब ओळ) असलेल्या आरएनएवरून, आणि हरितलवकातल्या जनुकांना ती शेपटी सहसा नसते. मग नकाशा अर्धामुर्धा येतो आणि वाटतं, समुद्रात हिरवं शैवाल नाहीच! त्याऐवजी आरबीसीएस (रुबिस्कोच्या छोट्या भागाचं जनुक) द्या. हिरव्या शैवालात हे जनुक केंद्रकात असतं, डायटममध्ये (सिलिकाचं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल) हरितलवकात. त्यामुळे डायटमची गर्दीही आपसूक गळते. तरी थ्रेशोल्ड (जुळणी मान्य करायची मर्यादा) ढिला ठेवू नका आणि वर्गीकरणाचं चक्र उघडून क्लोरोफायटा, म्हणजे हिरव्या शैवालांच्या गटाबाहेरचं काय आलंय ते बघाच.

नमुने गाळून आकारानुसार वेगळे केलेत, त्यातला आकारगट 0.8 ते 5 मायक्रॉनचा निवडा. ऑस्ट्रिओकॉकस हे हिरवं शैवाल जेमतेम 0.8 मायक्रॉनचं, म्हणजे काही पेशी गाळणीतूनही निसटतात. उलट 180 ते 2000 मायक्रॉनच्या गटात अरबी समुद्रात हिरवा ठिपका दिसला तर लगेच हुरळू नका. नॉक्टिल्युका या मोठ्या एकपेशीय जीवाच्या पेशीत राहणारं हिरवं शैवाल प्रोटोयुग्लेनाही (जुनं नाव पेडिनोमोनास) असू शकतं. तिथले नमुने मार्च 2010 च्या आसपासचे आहेत. पावसाळ्यात खालचं थंड पाणी वर येतं, तेव्हाचं चित्र त्यात शोधायला जाऊ नये.

ठिपका नाही म्हणजे शैवाल नाही, असंही नव्हे. त्या ठिकाणी त्या आकारगटाचा नमुना होता का, हे डाउनलोड केलेल्या तक्त्यात तपासा. आकडे सापेक्ष आहेत, पेशींची मोजणी नव्हे. आणि हरिपूरच्या नदीसंगमावरचं शेवाळ इथे जुळवायला बसू नका, हा सगळा डेटा खाऱ्या पाण्याचा आहे.

जनुक नको, नुसतं कोणतं शैवाल कुठे एवढंच हवं असेल, तर जोडीचा ओशन बारकोड ॲटलस सोपा पडतो. त्यातला 18एस या ओळख पटवणाऱ्या जनुकाचा व्ही9 तुकडा मात्र जेमतेम 130 बेसचा, म्हणून जवळच्या प्रजाती एकमेकींत मिसळतात, वंशापर्यंतच (जीनस) बोला.