तेलमातीत पहिलं डोकं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी मध्यम कडक तेलमाती (ऑइल क्ले) ३ किलो घेतली आणि आईचं डोकं करायला बसले. साधारण १५ सेंटीमीटर उंचीचं, म्हणजे खऱ्यापेक्षा बरंच लहान. ते आता पूर्ण झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याआधी हेच डोकं पाण्याच्या मातीत सुरू केलं होतं. ती माती हाताला फार गोड लागते, आजही मला तिचा स्पर्श जास्त आवडतो. पण मला मिळायचा दिवसाचा जेमतेम तास. रोज ओलं फडकं गुंडाळायचं, वरून प्लॅस्टिक. एकदा आठवडाभर लक्ष देता आलं नाही आणि मानेला आरपार भेग गेली, कान सुटून आला. माती वाळताना ५ टक्क्यांच्या पुढेमागे आकसते, आतला तारेचा सांगाडा काही आकसत नाही. मग ती तारेवरच फाटते. भट्टीत भाजायचं तर सांगाडा काढून डोकं आतून पोकळ करावं लागतं आणि पूर्ण वाळू द्यावं लागतं, नाहीतर आत राहिलेल्या ओलीची वाफ होऊन तुकडे उडतात. पहिल्याच कामात इतकं सगळं सांभाळणं मला झेपलं नाही.

तेलमातीत पाण्याऐवजी तेल आणि मेण असतं, त्यामुळे ती वाळतच नाही. १८९७ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बाथ इथले कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी प्लॅस्टिसिन बनवलं ते याच गरजेपोटी: शिल्प शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना न वाळणारी माती हवी होती. आठ महिन्यांत मी दोनदा तीन-तीन आठवडे कामाला हातही लावला नाही. परत बसले तेव्हा माती होती तशीच होती.

हा वेळ किती मोलाचा, ते डोळ्यांपाशी कळलं. मी आधी पापणी रेघ ओढून कोरत होते आणि आई दर वेळी झोपेतून उठल्यासारखी दिसायची. मग आरशात स्वतःचा डोळा नीट पाहिला. पापणीला जाडी असते, ती बुबुळावरून पांघरुणासारखी येते आणि तिच्या कडेखाली बारीक सावली पडते. मग मातीची गोळी खोबणीत बसवली, बोटांनी चपटी केलेली पट्टी तिच्यावर ठेवली आणि कड मोकळी सोडली. अकरा वेळा काढून पुन्हा केली. पाण्याची माती एवढ्यात कोरडी पडली असती.

दुसरी चूक जवळपास सगळ्यांची होते: आपण चेहरा करतो, डोकं करत नाही. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, माझे पार वर गेले होते. आणि मागून डोकं सपाट, भिंतीला टेकवल्यासारखं. फ्रेंच शिल्पकार रोदँ मॉडेलच्या एकामागून एक बाह्यरेषा बघत काम करायचा, हे वाचल्यावर मी टर्नटेबल (शिल्पाखालचा फिरता पाट) थोडं थोडं फिरवून प्रत्येक कोनातून फक्त कडेची रेषा तपासू लागले. एका बाजूने दिवा लावला की खड्डे-उंचवटे लगेच दिसतात. समोरून उजेड असेल तर सगळं बरोबरच वाटतं, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आता तक्रारी. गारठ्यात ही माती दगडासारखी होते. दिव्याखाली ऊब द्यावी लागते, थेट आचेवर मात्र कधीच धरू नये. उलट उन्हाळ्यात खिडकीजवळ ठेवलेलं डोकं दुपारभरात पुढे झुकलं. तो दोष माझ्या एकेरी तारेचाही होता. नंतर तार दुहेरी पिळली आणि डोक्याच्या आत लाकडाच्या दोन काड्यांची फुली तारेने लटकवली, ती मातीचं वजन पेलते. लाकडी फळीत तेल उतरून डाग पडला तो पडलाच. केस, धूळ सगळं चिकटतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही माती भाजता येत नाही. शिल्प टिकवायचं तर साचा काढणं आलंच.

सिलिकॉनचा साचा करायचा असेल तर गंधक नसलेली तेलमाती आधीच बघून घ्या. गंधकामुळे काही सिलिकॉन सेट होत नाहीत, चिकट राहतात. मी प्लास्टरचा फोडायचा साचा केला. पहिला थर निळसर, वरचा पांढरा. आतली माती उकरून काढली, साच्याला साबणाचं पाणी लावलं, प्लास्टर ओतलं आणि दुसऱ्या दिवशी बोथट छिन्नीने वरचं कवच फोडत गेले. निळा दिसला की हात हलका करायचा, कारण खाली चेहरा आहे. नाकाच्या शेंड्याचा एक टवका तरीही गेला. तो मी भरलेला नाही.

वीस हत्यारांचा संच घेऊ नका. मी खरोखर वापरली ती तारेच्या कड्याची दोन कोरणी, एक लाकडी पट्टी आणि अंगठा. तो पैसा चांगल्या टर्नटेबलवर घाला. माती मध्यम कडकच घ्या. मऊ मातीत पापणीची कड उभी राहत नाही.

उकरलेल्या मातीतले प्लास्टरचे कण चिमट्याने वेचून काढले, ती पुन्हा मळली. पाव किलोभर वाया गेली असेल. उरलेल्या मातीत आता बाबांचं डोकं सुरू आहे, आणि या वेळी सुरुवात मागच्या बाजूने केली आहे.