थायरॉईडची गोळी बंद करायला लावतात त्यांच्यापासून सांभाळा, माझे 8,400 गेले आणि तब्येतही

मला सहा वर्षांपासून थायरॉईड आहे, रोज सकाळी उपाशीपोटी 75 ची गोळी. मार्चमध्ये आमच्या इथल्या मंगल कार्यालयात "थायरॉईड मुळापासून बरा" असं शिबिर लागलं, सहज म्हणून गेले. तिथला माणूस म्हणाला गोळीने ग्रंथी आळशी होते, आजपासून गोळी बंद, आमचं चूर्ण तीन महिने घ्या. 8,400 रुपये. मी भरले.

आता खरी मेख इथे आहे, नीट वाचा. पहिले दोन-तीन आठवडे काहीच त्रास झाला नाही, उलट गोळी सुटली म्हणून इतकं भारी वाटत होतं की त्यांच्या सांगण्यावरून मी ग्रुपवर व्हॉइस मेसेजपण टाकला. नंतर डॉक्टरांकडून कळलं की गोळीतलं थायरॉईडचं हार्मोन शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण 7 दिवस लागतात, म्हणजे मी आधीच्या गोळ्यांच्या शिलकीवर चालत होते आणि श्रेय मिळत होतं चूर्णाला.

मग मे महिन्यात, बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी पंखा बंद करून शाल घेऊन बसलेली, अंगठी बोटातून निघेना, आवाज घोगरा, कंगव्यात केसांचे पुंजके. त्यांना फोन केला तर म्हणे शरीरातली घाण बाहेर पडतेय, चालू ठेवा. शेवटी ह्यांनी ओढून टेस्टला नेलं, टीएसएच 68! आधी 2.4 होता.

डॉक्टर म्हणाले टाकीतला बॉलकॉक असतो ना तसंच. रक्तात थायरॉईडचं हार्मोन कमी झालं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते, पुरेसं झालं की आवरतं घेते. पण माझी गळ्यातली ग्रंथी हाशिमोटोमुळे, म्हणजे माझ्याच प्रतिकारशक्तीने खराब केलीय, पिट्युटरीने कितीही हुकूम सोडले तरी ती हार्मोन आणणार कुठून? आळशी बिळशी काही नाही, गोळी तिच्या वाटचं काम करत होती.

डब्यावर ना लायसन्स नंबर ना बनवणाऱ्याचं नाव. त्यांचा फोन बंद येतो. माझी गोळी परत सुरू आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा टेस्ट.

ग्रुपमधल्या एकेकीला फोन केले, त्यात एक दुसऱ्या महिन्याची गरोदर निघाली. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं. आठ दिवसांपूर्वी तिने गोळी बंद केली होती. तिला म्हटलं आत्ताच्या आत्ता तुझ्या डॉक्टरांना फोन कर, तर ती म्हणाली, ताई, तुमचाच मेसेज ऐकून घेतलं हो मी.