दर रविवारची खडीवेचणी: स्कॉर्पिओवर ए/टी टायरचे १४ हजार किलोमीटर

माझ्या स्कॉर्पिओच्या मागच्या डाव्या ए/टी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीच्या) टायरला लिंबाएवढा फुगा आला आणि वॉरंटीचा क्लेम नाकारला गेला, म्हणून हे लिहायला मुहूर्त लागला. आठ दिवस टायर दुकानात पडून होता. मग उत्तर आलं की खड्ड्यात आदळून साईडवॉलमधले (टायरच्या बाजूच्या भिंतीतले) धागे तुटलेत, निर्मितीदोष नाही. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर चूक नाही. टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटला की आतले कॉर्ड तुटतात आणि त्या जागी हवा रबराला बाहेर ढकलते. चीड वेगळ्याच गोष्टीची आहे. विकताना ‘पाच वर्षं वॉरंटी, काळजी नको’ आणि क्लेमच्या वेळी पहिला प्रश्न, ‘हा टायर आमच्याकडूनच नेला कशावरून?’ बिलावर फक्त ‘टायर ४ नग’ एवढंच लिहिलेलं.

म्हणून आधी हे करा. बिलावर चारही टायरचे सिरियल नंबर लिहून घ्या आणि टायर चढण्याआधी त्यांचे फोटो काढा. ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, १४२५ असेल तर २०२५ चा चौदावा आठवडा. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते आणि फिटर ती नेमकी आत टाकतो, मग पाहायला जॅक लावावा लागतो. क्लेम मंजूर झाला तरी नवा टायर फुकट मिळेल असं समजू नका. खाचेची खोली नवीन असताना १०.५ मिमी, आता ८.९ मिमी आणि कायदेशीर किमान १.६ मिमी. किमान वजा केलं तर आता उरले ७.३, नव्यात होते ८.९; ७.३ भागिले ८.९, म्हणजे ८२ टक्के. तेवढी सूट, बाकीचे पैसे आपले. काही कंपन्या कट आणि आदळण्यासाठी वेगळी विनाशर्त वॉरंटी देतात, पण तिची मुदत छोटी असते आणि नोंदणी आपणच करायची असते.

आता निवडीबद्दल. साईज मूळचीच, २३५/६५ आर१७. दुकानात २४५/६५ चा आग्रह होतो, ‘गाडी भरलेली दिसते’ म्हणून. व्यास ७३७ मिमीवरून ७५० मिमी होतो, म्हणजे पावणेदोन टक्के. तो फरक चालून जाईल. अडचण रिमची आहे. २४५/६५ ला किमान ७ इंच रुंद रिम लागते. रिमच्या आतल्या बाजूला ६.५जे की ७जे कोरलंय ते स्वतः पाहा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) जुन्या टायरपेक्षा कमी नको; १०४ म्हणजे ९०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो. आणि साईजच्या आधी ‘एलटी’ (लाइट ट्रक) लिहिलेला दहा प्लायचा टायर रोजच्या गाडीला घेऊ नका. तो जड असतो, तेवढंच वजन पेलायला त्याला जास्त हवा लागते आणि रिकाम्या गाडीत बसलं की कंबर हिशोब मागते. बर्फाचं चिन्ह असलेला टायर दोन हजारांनी महाग मिळत होता. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात त्या चिन्हाचं काय करायचं?

मला टायर पडला ९,४०० ला, फिटिंग आणि बॅलन्सिंग धरून. त्याच कंपनीचा साधा हायवे टायर १,३०० ने स्वस्त होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुना साठा जुन्याच भावात गळ्यात मारत नाहीत ना, हे बिलावर तपासा.

आता मुख्य विषय: खडी. टायरचं परीक्षण लिहिताना कुणी याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा देत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेलाय. ए/टीच्या खाचा रुंद, त्यात मधल्या ओळीतल्या सहा-सात मिमीच्या. आपल्याकडे डांबरी रस्त्यावर शेवटच्या थराला जी बारीक कच टाकतात ती साधारण याच मापाची. खाच आणि खडी जणू एकमेकांसाठीच घडवलेली. नव्याने सीलकोट केलेल्या दहा किलोमीटरच्या तालुका रस्त्यावरून एकदा गेलात की चारही टायर भरतात. मग काँक्रीटवर टकटकटक आणि मडगार्डच्या आत तडतड. एका टायरमधून मोजून ३७ खडे निघालेत. कापूस वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून ओरड असते. इथे खडीवेचणीला मालकच मजूर.

हा नुसता आवाजाचा प्रश्न असता तर सोडून दिला असता. खडा खाचेत राहिला की प्रत्येक फेऱ्याला गाडीचं वजन त्याला थोडं आत ढकलतं. टोकदार खडा हळूहळू खाचेच्या तळाला भोक पाडतो, आणि ते भोक स्टीलच्या पट्ट्यापर्यंत गेलं की पावसाळ्यात पाणी शिरून पट्टा गंजतो. हवा जात नाही, त्यामुळे पंक्चरवाल्याच्या पाण्यातही सापडत नाही. म्हणून दुकानात खाचेच्या तळाकडे बघा. चांगल्या नक्षीत तिथे बारीक उंचवटे असतात आणि खाचेच्या भिंती वर पसरट असतात. चाक फिरताना तेच खडा बाहेर फेकतात. माझ्या टायरला ते फक्त बाहेरच्या दोन ओळींत आहेत. मधल्या ओळींत का नाहीत, देव जाणे.

काढायची पद्धत अशी. चपटा, बोथट स्क्रूड्रायव्हर, साधारण पाच मिमीचा. खड्याच्या शेजारी घालून खाचेच्या लांबीच्या दिशेने उचलायचं, तळावर टेकवून उपटायचं नाही. टोकदार पोगर वापरलात तर खडा निघेल आणि भोक तुम्हीच पाडाल. टायर गार असताना काढा. उन्हात पाघळलेलं डांबर खड्याभोवती बसलं असेल तर लोक डिझेलचं फडकं फिरवतात; ते नको, डिझेलने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ, एवढं पुरतं. चार टायरला पाऊण तास लागतो. मधल्या ओळी आधी, कारण भोक तिथेच पडतं.

असो. घोंघाटाबद्दल माझं मत मध्येच बदललं. तीन हजार किलोमीटरपर्यंत ‘लोक उगाच घाबरवतात’ असं ठाम मत होतं. ८० च्या वेगाला काच बंद असली की इंजिनाच्या वर काही ऐकू येत नव्हतं. नऊ हजारांवर पुढून बेअरिंग गेल्यासारखी घरघर सुरू झाली. पंक्चरवाल्याने चाक फिरवून निदान केलं, ‘टायर कडक शे भाऊ, पन आवाज भलता करस.’ बेअरिंग शाबूत होतं. ट्रेडवर (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवर) हात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवतीसारखा. नक्षीतल्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त झिजलेली. मोठे सुटे ठोकळे ब्रेकखाली वाकतात आणि एका बाजूने खातात. हायवे टायरपेक्षा ए/टीत हे लवकर होतं. त्यात रोटेशन (टायरच्या जागांची अदलाबदल) दहा हजारांना करायचं ठरवलेलं, ती चूक माझी. या टायरला पाच-सहा हजार हीच हद्द. मागच्या चाकांनी रेटणाऱ्या गाडीत मागचे टायर सरळ पुढे येतात आणि पुढचे उलट-सुलट होऊन मागे जातात. सोबत अलाइनमेंट, आणि नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. रोटेशननंतर दीड हजार किलोमीटरमध्ये आवाज निम्म्यावर आला. पूर्ण गेला नाही, जाणारही नाही.

डिझेलच्या हिशोबातही मी आधी चुकलो. जुन्या टायरवर लिटरला १२.८ किलोमीटर मिळत होते, नव्यावर १२.१. चौदा हजारांत ६३ लिटर, ९२ च्या भावाने ५,८०० रुपये. म्हणजे टायरच्या किमतीतल्या फरकापेक्षा जास्त, आणि त्या आकड्यावर मी हे टायर निकालात काढले होते. पण जुने टायर तीन मिमीपर्यंत झिजलेले, नवे साडेदहा मिमीचे. व्यासात १५ मिमी फरक, म्हणजे दोन टक्के. नवा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो आणि ओडोमीटरला ते कळत नाही. ती दुरुस्ती केली तर खरा आकडा १२.३ च्या वर जातो आणि जास्तीचं डिझेल चाळीसेक लिटर, साडेतीन-पावणेचार हजारांचं. तरी थोडं नाही. टायर बदलल्याबरोबर ‘ॲव्हरेज पडलं’ म्हणणाऱ्यांनी आधी ही वजाबाकी करावी.

हवा. तापमान साडेपाच-सहा अंशांनी वाढलं की दाब सुमारे एक पीएसआय वाढतो. जानेवारीत पहाटे भरलेली हवा मेच्या सकाळी तीन-चारने जास्त दिसते, आणि दुपारी धुळे-जळगाव पळून आलेल्या टायरमध्ये आणखी चार-पाचने. ते पाहून ‘उन्हात फुटेल’ म्हणून हवा सोडणं हाच आपल्याकडचा सगळ्यात महाग गैरसमज. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकून तापतो आणि खांद्यापासून, म्हणजे ट्रेडच्या कडेपासून, उकलतो. दाराच्या स्टिकरवरचा आकडा सकाळच्या गार टायरचा आहे, तो सकाळीच तपासा. पंपावरच्या मीटरवर विसंबू नका. सहाशे रुपयांचं स्वतःचं गेज घ्या. नायट्रोजनचे पैसे वाचवा, साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच.

चिखलाबाबत जाहिरातीतल्या फोटोंना भुलू नका. मुरमाच्या, खडीच्या आणि सुक्या शेतरस्त्यावर हे टायर खरंच छान. गिरणेच्या वाळूत हवा १८ वर आणली की गाडी तरंगल्यासारखी निघते. पण पावसात भिजलेली आपली काळी माती वेगळी जात. दोन फेऱ्यांत खाचा भरतात, टायर गोल वडा होतो आणि नक्षी होती की नव्हती याला अर्थ उरत नाही. तो गारा फेकायला मड टेरेनच्या (खास चिखलासाठीच्या टायरच्या) रुंद खाचा आणि चाकाचा वेग लागतो. हवा कमी केल्यानेही फरक पडत नाही, उलट मडगार्डमध्ये गारा दाटून चाक अडतं. तिथे उपाय एकच: गाडी डांबरीवर ठेवा आणि दोन दिवस ऊन पडू द्या. ओल्या डांबरावर ब्रेकही हायवे टायरपेक्षा थोडा लांब लागतो. कन्नड घाटात पावसात उतरताना अंतर वाढवाच.

पैसे वसूल होतात ते कपाशीच्या रानात. पऱ्हाटी कापल्यावर उभे राहिलेले तिरपे खुंट आणि कुंपणाच्या बाभळीचे काटे, ही खान्देशातली खरी परीक्षा. हायवे टायरला खुंट ट्रेडमधून आरपार जायचा. इथे चौदा हजारांत दोनच पंक्चर, दोन्ही खिळ्याचे. ट्रेड जाड आहे आणि खांद्यावरचे ठोकळे बाजूलाही उतरतात, म्हणून. पण त्या ठोकळ्यांच्या खालची साईडवॉल साध्या टायरइतकीच पातळ आहे, ती खड्ड्याच्या कडेपुढे टिकत नाही. माझा फुगा नेमका तिथेच. दोरीची स्ट्रिप ट्रेडमध्येच चालते, तीही तात्पुरती. आतून मशरूम प्लग लावून घ्या. साईडवॉलला कुणी पंक्चर काढून देतो म्हणाला तर दुकान बदला. एक वाचलेला टायर म्हणजे ९,४०० रुपये. आठवड्यातून दोन-तीनदा शेतरस्ता असेल तर हिशोब बसतो. घर, बाजार, हायवे एवढंच असेल तर हायवे टायर घ्या आणि रविवार मोकळा ठेवा.

आता फुग्याचं. तसा टायर ‘चालेल तोवर चालवू’ म्हणून ठेवायचा नाही, तो फुटतो तेव्हा इशारा देत नाही. एकच नवा घेतला तर एकाच आसावर ८.९ आणि १०.५ मिमी अशी जोडी होईल. मागच्या डिफरन्शियलला (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला) ती सरळ रस्त्यावरही सतत काम लावते. म्हणून दोन घेतले, दोन्ही मागे टाकले. उरलेला मागचा उजवा टायर स्टेपनी झाला आणि आधीची सहा वर्षं जुनी, कधीही न चाललेली हायवे स्टेपनी भंगारात गेली. तिचे दीडशे रुपये आले. या वेळी बिलावर दोन्ही सिरियल नंबर लिहून घेतलेत, दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी.