ओव्हरसाइट डॉट गव्ह: अहवाल शोधायला उत्तम, आकड्याला मात्र भुलू नका

अमेरिकेतल्या केंद्रीय खात्यांच्या महानिरीक्षकांचे (खात्याचा खर्च आणि कारभार तपासणाऱ्या अधिकाऱ्यांचे) अहवाल एका जागी मिळावेत म्हणून 2017 मध्ये ही साइट सुरू झाली. आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीची किंवा बेघरांसाठीची अनुदाने तपासणाऱ्यांना ती रोज लागेल अशी आहे. फक्त अहवालाबरोबर छापलेल्या डॉलरच्या आकड्यावरून लगेच मत बनवू नये.

तो आकडा बहुतेकदा आक्षेपित खर्चाचा असतो. त्यात नियमाबाहेरचा खर्च येतो, तसाच कागद न सापडलेला खर्चही येतो. दुसऱ्या प्रकारात पैसे खाल्ले असे कुणी म्हटलेले नसते. पावती, टाइमशीट, करार नंतर दाखवला की रक्कम सुटू शकते. म्हणून आधी शिफारशी उघडा. ‘रक्कम परत करा’ आणि ‘पुरावा द्या, नाहीतर परत करा’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शोधताना खाते एचयूडी (गृहनिर्माण खाते) ठेवा आणि मग ‘सीडीबीजी-डीआर’ (आपत्तीनंतरच्या पुनर्बांधणीचे अनुदान) किंवा ‘ईएसजी’ (बेघरांच्या निवाऱ्यासाठीचे अनुदान) टाका. खाते न निवडता नुसते ‘डिझास्टर’ टाकले तर फेमा या आपत्ती-मदत संस्थेवरचे अहवाल गर्दी करतात, आणि त्यांचे नियम निराळे.

पुनर्बांधणीच्या अहवालांत सर्वांत वाचण्याजोगा भाग दुहेरी लाभाचा, म्हणजे एकाच नुकसानीसाठी दोनदा पैसे मिळण्याचा. घरदुरुस्तीला 1,00,000 डॉलर लागणार, विम्याचे 40,000 आणि फेमाचे 15,000 त्याच कामासाठी मिळाले, तर अनुदान 45,000 च्या वर जाता कामा नये. सामानासाठी मिळालेला विमा मात्र यातून वजा होत नाही. चूक होते ती वेळेची: अर्जाच्या दिवशी विम्याची माहिती घेतली जाते, दावा नंतर वाढून मिळतो आणि शेवटचा हप्ता देताना कुणी पुन्हा विचारत नाही. जुने अहवाल वाचताना आणखी एक सांभाळा. एसबीएच्या (लघुउद्योग प्रशासनाच्या) आपत्ती-कर्जाबद्दलचा नियम 2018 च्या कायद्याने ठरावीक वर्षांतल्या आपत्तींसाठी बदलला, तेव्हा एका आपत्तीचा निकष दुसरीला जसाच्या तसा लावू नका.

बेघरांच्या अनुदानात घोळ असतो तो जुळवणी निधीचा, म्हणजे अनुदान घेणाऱ्या संस्थेने दाखवायच्या वाट्याचा. कंटिन्युअम ऑफ केअर या एचयूडीच्या बेघरांसाठीच्या कार्यक्रमात लीजिंगचे (जागा भाड्याने घेण्याचे) पैसे वगळून बाकी अनुदानावर 25 टक्के जुळवणी लागते. ती दुसऱ्या संस्थेच्या सेवांतून दाखवायची असेल तर त्या संस्थेशी एमओयू (लेखी सामंजस्य करार) हवा. वर्ष संपल्यावर घाईने बनवलेला एमओयू तारखेवरूनच ओळखू येतो. ईएसजीमध्ये जुळवणी साधारण डॉलरला डॉलर. बेघर असल्याचा पुरावाही क्रमाने लागतो: आधी तिसऱ्या पक्षाचा कागद, नंतर इनटेक (नोंदणी करून घेणाऱ्या) कर्मचाऱ्याचे निरीक्षण, शेवटी स्वतःचे लेखी निवेदन. फाइलीत नुसते निवेदन आणि बाकीचे का मिळाले नाही याची एक ओळही नाही, असे असेल तर आक्षेप ठरलेलाच. (आपत्कालीन निवारा याला अपवाद, तिथे कागदासाठी कुणाला दारात उभे ठेवायचे नसते.)

साइटची मोठी उणीव ही की सिंगल ऑडिट, म्हणजे वर्षात ठरावीक रकमेहून जास्त केंद्रीय निधी खर्चणाऱ्या संस्थांची लेखातपासणी, इथे मिळत नाहीत. त्यासाठी फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाऊस गाठावे लागते. त्यातही खर्चाचा हा उंबरठा 7,50,000 वरून 10,00,000 डॉलरवर गेला आहे, 1 ऑक्टोबर 2024 पासून सुरू होणाऱ्या लेखावर्षांसाठी. छोट्या निवारा-संस्था त्यामुळे दोन्हीकडून निसटतात.

आणि पीडीएफ उतरवून ठेवाच. ऑक्टोबर 2025 मध्ये निधी अडवला गेल्याने ही साइट काही काळ बंद पडली होती.