गनोरियावर फिट्सचं औषध: कार्बामॅझेपिन घ्यावं की अ‍ॅसिटाझोलामाइड?

जुन्या औषधाचा नवा उपयोग, तोही गनोरिया या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारावर, असा प्रबंधाचा विषय मनात असेल तर फिट्सची ही दोन औषधं समोर येतातच. रुग्णाला देण्याच्या टप्प्यावर यातलं एकही नाही. मी बोलतोय ते अभ्यासापुरतं.

मन आधी अ‍ॅसिटाझोलामाइडकडे ओढतं. लेहला जाताना घेतो तेच डायमॉक्स. ते थेट जिवाणूचं कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज (कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट करणारं एन्झाइम) अडवतं आणि उंदरांतही त्याने संसर्ग घटलाय. एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) काढता येते, तक्ते भरतात, गाइडही खूश.

मीही तिथूनच सुरुवात केली आणि कॅन्डल जारपाशी (आत मेणबत्ती पेटवून कार्बन डायऑक्साइड वाढवलेली बंद बरणी) अडलो. गोनोकोकसला, म्हणजे गनोरियाच्या जिवाणूला, वाढायला कार्बन डायऑक्साइड हवा, आणि तो भरपूर मिळाला की या एन्झाइमवाचून त्याचं फारसं अडत नाही. जारमध्ये ठेवलं की औषध घातलेल्या प्लेट्सवरही राखाडी, चमकदार वसाहती. बाहेर ठेवलं तर बिनऔषधाची कंट्रोल प्लेटसुद्धा कोरी! मग मोजायचं काय? साध्या हवेत वाढणाऱ्या स्ट्रेन (जिवाणूचे वाण) असतात, पण रुग्णाकडून नुकत्याच आलेल्या बहुधा नसतात, आणि मला त्यांच्यावरच काम करायचं होतं. शरीरातही कार्बन डायऑक्साइड असतोच, ही शंकाही मनातून जाईना.

कार्बामॅझेपिनची तऱ्हा वेगळी. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाचे मायकेल जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं की जिवाणूच्या पिलीवरची (अंगावरच्या केसांसारख्या तंतूंवरची) साखर गर्भाशयमुखाच्या पेशींवरच्या सीआर-३ रिसेप्टरला, म्हणजे पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाला, चिकटते आणि हे औषध नेमकी ती जागा अडवतं. लक्ष्य माणसाच्या पेशीवर, त्यामुळे जिवाणूला प्रतिकार कमावणं जड जावं. मला ही कल्पना फार आवडली, अजूनही आवडते.

उणिवा आहेतच. पुरुषांच्या मूत्रमार्गात जिवाणू वेगळा रिसेप्टर वापरतो. एचएलए-बी*१५:०२ हा जनुकप्रकार असणाऱ्यांना स्टीव्हन्स-जॉन्सनचा, म्हणजे त्वचा सोलवटणाऱ्या गंभीर रिअ‍ॅक्शनचा, धोका. शिवाय हे औषध गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं, आणि उपयोग व्हायचा तो स्त्रियांनाच. प्रयोगाला मानवी पेशी लागतात, हा खर्च वेगळा.

तरी टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याची) सोय होत असेल तर मी कार्बामॅझेपिनच सुचवेन. नसेल, तर अ‍ॅसिटाझोलामाइड घ्या, पण सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) देण्याआधी तुमच्याकडच्या स्ट्रेन जारबाहेर वाढतात का, तेवढं पाहून घ्या.