नुसतं ‘आय-सेव्हन’ लिहिलेल्या गेमिंग पीसीवर पैसे देऊ नका

पुण्यातल्या एका दुकानदाराने माझ्या भाच्याला २०१२ सालचा प्रोसेसर नवा म्हणून विकला. त्याचे बासष्ट हजार रुपये घेतले. मशिनीतलं ग्राफिक्स कार्ड मात्र खरं होतं, नवं होतं, समोर खोकं फोडून बसवलेलं होतं. त्या एका खऱ्या वस्तूच्या आडून बाकीचा जुना माल खपवला गेला. हे करणारा तो एकटा नाही. ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी, १६ जीबी रॅम, आरजीबी कॅबिनेट’ अशा जाहिराती रोज दिसतात. आय-सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरच्या एका श्रेणीचं नाव, पण या जाहिरातींतल्या कितीतरींमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर शोधूनही सापडत नाही. म्हणून घडलं ते सगळं लिहितोय.

भाचा कराडला इंजिनिअरिंगला आहे. निम्मे पैसे त्याने सुट्टीत काम करून साठवलेले, निम्मे ताईने घातलेले. ग्राफिक्स कार्ड त्याने आधीच ठरवलं होतं, आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. दुकानात त्याने नेमका प्रश्न विचारला, मी शेजारीच उभा होतो: “या कार्डाला प्रोसेसर कमी पडणार नाही ना? कार्ड अडकून राहायला नको.”

“आय-सेव्हन आहे सर, आय-फाइव्हच्या वरचा. बॉटलनेक झीरो, गॅरंटी.” बॉटलनेक म्हणजे एका संथ भागाने दुसऱ्याला अडवून ठेवणं. हे आश्वासन त्याने नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवलं. भाच्याला सायबरपंक २०७७ खेळायचा होता, तर दुकानदाराने त्या गेमला काय लागतं याची यादी मोबाइलवर उघडली आणि ‘आय-सेव्हन’ या अक्षरांवर बोट ठेवून दाखवलं. यादीत पूर्ण नाव होतं कोअर आय-सेव्हन ६७००. तो सहाव्या जनरेशनचा, म्हणजे पिढीचा, २०१५ सालचा प्रोसेसर, आणि गेमच्या सुधारित यादीत तो ‘किमान’ म्हणून दिलेला आहे. बोट बरोबर त्या चार आकड्यांच्या अलीकडे थांबलं.

मग डेमो. त्याने फरमार्क हे चाचणीचं सॉफ्टवेअर लावलं. पडद्यावर केसाळ कडं गरगर फिरत होतं आणि कोपऱ्यात कार्डाचा वापर ९९ टक्के दिसत होता. “बघा, कार्ड फुल चालतंय, प्रोसेसर कुठेही अडवत नाही.” हे नीट लक्षात घ्या. फरमार्क फक्त ग्राफिक्स कार्डाला तापवतो, प्रोसेसरकडे त्याला जवळजवळ काही काम नसतं. कितीही जुना प्रोसेसर लावा, तिथे कार्ड ९९ टक्केच दिसणार. प्रोसेसर कमी पडतो की नाही हे त्यावरून कधीच कळत नाही, आणि रोज मशिनी जोडणाऱ्या माणसाला हे पक्कं माहीत असतं.

कोटेशनच्या कागदावर लिहिलं होतं, ‘इंटेल कोअर आय-सेव्हन प्रोसेसर, गेमिंग मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, आरटीएक्स ३०६०’. कार्डाचा नंबर पूर्ण, बाकी सगळं मोघम. बिल मागितलं तर, “जीएसटी बिल हवं असेल तर १८ टक्के वर जातील.” दिलं ते कच्चं बिल.

घरी आल्यावर पहिला दणका व्हॅलोरंट या गेमने दिला. गेम उघडेचना. टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (संगणकाच्या सुरक्षेच्या दोन सोयी) हवं असा मेसेज. मशिनीत विंडोज ११ टाकलेलं होतं, आणि विंडोज ११ वर या गेमची अँटिचीट (लबाडी करून खेळणाऱ्यांना रोखणारी) यंत्रणा त्या दोन गोष्टी मागतेच. दुकानदार फोनवर म्हणाला, “सॉफ्टवेअरचा इश्यू आहे, विंडोज १० टाकून देतो.” खरी गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशिनीवर ते तपासणी चुकवून बसवता येतं, आणि इथे तसंच बसवलेलं होतं.

सायबरपंक सुरू झाला, पण गाडी घेऊन शहरात शिरलं की चित्र अडखळायचं. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, चाळिशीच्या आसपास, मध्येच वीसवर. भाच्याने एमएसआय आफ्टरबर्नर लावून आकडे पडद्यावर घेतले. कार्डाचा वापर पन्नास-साठ टक्के. अर्धं कार्ड रिकामं बसलेलं. मी त्याला ग्राफिक्स अल्ट्रावरून लोवर आणायला सांगितलं. एफपीएस जागचा हलला नाही. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं, तरी तेच. मग ‘क्राउड डेन्सिटी’ म्हणजे रस्त्यावरची गर्दी कमी केली, आणि आकडा लगेच वर सरकला. ती गर्दी चालवण्याचं काम प्रोसेसरचं असतं. चित्र हलकं करून फरक पडत नाही आणि गर्दी कमी केली की पडतो, म्हणजे अडवणारा कोण हे स्वच्छ दिसलं.

सीपीयू-झेड हे छोटं मोफत सॉफ्टवेअर उघडलं. कोअर आय-सेव्हन ३७७०. आयव्ही ब्रिज, म्हणजे तिसरी जनरेशन. २२ नॅनोमीटर. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) ११५५. रॅम डीडीआर-३. नंतर कॅबिनेट उघडून, दिव्यांचा मोठा कूलर काढून, पेस्ट पुसून पाहिलं. धातूच्या टोपणावर तोच नंबर आणि ३.४० गिगाहर्ट्झ कोरलेलं. कडेला जुन्या पेस्टचे वाळलेले थर. मदरबोर्ड नवा दिसत होता, पण कंपनीचं नाव कुठेच नाही. एच-६१ चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप), म्हणजे तोही त्याच काळातला. अशा जुन्या चिपसेटचे बिननावी बोर्ड आजही नवे बनून येतात. ऑफिसांमधून निघालेल्या संगणकांतले प्रोसेसर त्यावर बसवायचे, वर रंगीत दिवे लावायचे, की ‘नवा गेमिंग पीसी’ तयार.

आता काही जण म्हणतील, चार कोअर आठ थ्रेड आहेत की, आणि घड्याळ ३.९ पर्यंत जातं. दुकानदारानेही नंतर हाच हिशोब मांडला. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक भाग, थ्रेड म्हणजे तो एका वेळी हाताळतो ती कामं, घड्याळ म्हणजे त्याचा गिगाहर्ट्झमधला वेग.) २०२२ साली आलेल्या कोअर आय-थ्री १२१००एफ मध्येही चार कोअर आणि आठच थ्रेड आहेत, घड्याळ ४.३ पर्यंत. कागदावर फरक किरकोळ वाटतो, खेळताना तो प्रचंड आहे. नवा कोअर त्याच एका ठोक्यात कितीतरी जास्त काम उरकतो. रॅमही वेगळी: ३७७० ला डीडीआर-३ चा १६०० चा वेग, १२१००एफ ला डीडीआर-४ चा ३२००. शिवाय ३७७० मध्ये एव्हीएक्स-२ (आकडेमोड जलद करणाऱ्या सूचनांचा संच) नाही, ते इंटेलने २०१३ मध्ये चौथ्या जनरेशनला दिलं, आणि काही नव्या गेम त्याशिवाय उघडतच नाहीत. साधा आय-थ्री जुन्या आय-सेव्हनला मागे टाकतो ते यामुळे. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही उतरंड एकाच जनरेशनच्या आत खरी असते. दोन जनरेशन शेजारी ठेवल्या की तिला अर्थ उरत नाही, आणि हा सगळा धंदा नेमका तिथेच चालतो.

प्रत्येक फ्रेमचं चित्र कार्ड काढतं, पण त्या फ्रेममध्ये कोण कुठे आहे, काय हललं, काय आदळलं हे आधी प्रोसेसरला ठरवावं लागतं. एका जुवाला तरणा आणि म्हातारा बैल जुंपला की औत म्हाताऱ्याच्या चालीनंच चालतं. म्हणून कार्ड मोठं घेताना प्रोसेसर कोणता हे आधी पाहायचं. आरटीएक्स ३०६० ला एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय-फाइव्ह १२४००एफ बिनधास्त पुरतो. दोन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड. हात आखडता असेल तर १२१००एफ सुद्धा चालेल. आणखी वरचं कार्ड आणि १०८० वर १४४ हर्ट्झचा मॉनिटर असा बेत असेल तर प्रोसेसरवर जास्त खर्च करा, कारण रिझोल्यूशन कमी आणि एफपीएस जास्त असेल तेव्हा भार त्याच्यावरच येतो. १४४० किंवा फोर-के वर खेळणाऱ्याचं बरंचसं ओझं कार्डाकडे जातं. बोर्डही बघा. आरटीएक्स ४०६० ला पीसीआय एक्स्प्रेसच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेच्या) आठच लेन आहेत, आरएक्स ६५०० एक्सटीला चार. अशी कार्डं जुन्या बोर्डावर लावली की तिथेही नुकसान होतं.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे झिऑन, इंटेलचा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर. ‘आठ कोअर सोळा थ्रेड, गेमिंग बीस्ट’ म्हणून झिऑन ई५-२६७० विकतात. तोही २०१२ चाच, सर्व्हरमधून निघालेला, जेमतेम ३.३ पर्यंत जाणारा. कोअरची संख्या बघून भुलू नका. आणि दुकानदार एखाद्या वेबसाइटवर ‘बॉटलनेक ४ टक्के’ असा आकडा दाखवायला लागला तर तोही सोडून द्या. गेम बदलली, रिझोल्यूशन बदललं की उत्तर बदलतं. सगळ्याला एकच टक्केवारी लागू होईल असं काही नसतं.

दुकानात उभं असतानाच तपासता येतं. सीपीयू-झेड उघडायला लावा. नाव, सॉकेट आणि रॅमचा प्रकार वाचा. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा, मशीन विंडोज ११ ला चालत नसेल तर ते तिथेच सांगेल. फरमार्क ऐवजी तुमची खरी गेम लावायला सांगा आणि ग्राफिक्स खालीवर करून एफपीएस बघा. प्रोसेसर सीलबंद खोक्यातून समोर निघालाच पाहिजे. आणि पक्क्या बिलावर पूर्ण नंबर लिहून घ्या, प्रोसेसरचा, बोर्डाचा, रॅमचाही. “तेवढं लिहीत नाही आम्ही” असं उत्तर आलं की बाहेर पडा.

आम्ही परत गेलो तेव्हा त्याने ठणकावलं, “आय-सेव्हन सांगितला, आय-सेव्हन दिला.” भाचा गप्प उभा होता. त्याची मेहनत कुठे गेली ते त्याला कळत होतं, आणि समोरचा माणूस हसत होता. तो चेहरा मला विसरता येत नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने तिथेही तेच उत्तर दिलं, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जुनी वस्तू नवी म्हणून विकणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथेत मोडतात. आमच्या तक्रारीला यूपीआयची नोंद, ‘बॉटलनेक झीरो’वाला मेसेज, कोटेशनचा कागद, सीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि प्रोसेसरवरच्या नंबराचा फोटो जोडला आहे. तुमच्याकडे अशी मशीन आली असेल तर चॅट पुसू नका आणि चिडून प्रोसेसर विकून टाकू नका, तो पुरावा आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.