पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी.: रानात वापरून पाहिल्यावर

कोल्हापुरात पर्यावरणशास्त्र केलेले बरेच जण साखर कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर), नाहीतर परवानग्यांची कागदपत्रं करणाऱ्या कन्सल्टन्सीत लागतात. मी परिसंस्था पुनरुज्जीवनाच्या, म्हणजे बिघडलेली रानं, नदीकाठ परत जिवंत करायच्या कामाला लागलो, एका लहान संस्थेत. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही बघून झाले. 'हे करून रानातलं काम मिळतं काय?' असं ज्युनिअर सारखं विचारतात. मिळतं. पण पदवीतलं काय चालतं आणि काय पडून राहतं, ते आधी कळलेलं बरं.

सगळ्यात उपयोगी पडली ती क्वाड्रॅटची मोजणी, म्हणजे ठरावीक मापाचा चौकोन आखून त्यातल्या वनस्पती मोजणं. झाडांना १० बाय १० मीटर, झुडपांना ५ बाय ५, गवताला १ बाय १. कॉलेजात कंटाळा यायचा. पण सुरुवातीची मोजणीच नसेल तर पुढं सुधारणा झाली हे कशावरून सांगणार? लावलेल्या रोपांच्या आकड्यावरून? ते तर सगळेच सांगतात.

दुसरं म्हणजे, झाडं कुठं लावायची नाहीत हे कळतं. मसाई पठारासारखा जांभ्याचा सडा (उघड्या खडकाचं माळ) उन्हात ओसाड दिसतो आणि लगेच कुणीतरी खड्डे मारायचा बेत करतं. त्याच पातळ मातीवर पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवं फुलतात. वर सावली धरली की संपलं. हे देणगीदाराच्या गळी उतरवताना इकॉलॉजीचा पेपर कामाला येतो.

पाण्याचं रसायनशास्त्र मध्यम. जलपर्णी उपसायला गाव जमतं, पण सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद येत राहिलं तर ती परत येणारच, एवढं आकड्यांनी दाखवता येतं.

उणी बाजू रोपवाटिकेपासून सुरू होते. जांभळाचं बी वाळलं की मेलं, ताजंच पेरायला लागतं. हे सिलॅबसमध्ये नव्हतं, रोपवाटिकेतल्या मावशींनी शिकवलं. झाडं ओळखणंही तसंच. ऐन की किंजळ हे वनस्पतिशास्त्रवाले नुसत्या सालीवरून सांगतात, आपण फोटो काढत बसतो.

आणि माणसं! पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस पार काठाला भिडलेला. तिथं करंज, उंबर लावूया म्हटलं की शेतकरी विचारतो, "सावलीनं माझ्या दोन सऱ्या गेल्या तर? तुम्ही भरून देणार हाय काय?" प्रश्न रास्त आहे. पुरात काठ कसा ढासळतो हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, म्हणून बोलणं तिथनंच काढायचं. वाळ्याच्या गवताला बहुतेक जण तयार होतात: मुळं खोल जातात, माती धरतात, सावलीचा त्रास नाही. ही बोलणी करायला कुठल्याच सेमिस्टरला शिकवलं नाही.

पगाराचं विचारू नका. निधी आहे तोवर करार. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक परिसंस्था पुनरुज्जीवनाचं जाहीर केलंय खरं, पण मुलाखतीत ते सांगून भागत नाही; क्यूजीआयएस या सॉफ्टवेअरवर नकाशा करून दाखव म्हणतात.

एकूण पदवीला पाचपैकी साडेतीन. घ्यायचीच असेल तर बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात करून मग इकडं या. क्यूजीआयएस फुकट आहे, घरीच शिका. डिझर्टेशन लॅबमधलं न घेता रानातलं मागा. गाइड नको म्हणतील, तरी मागा.